तोंड वाकडं करणारं यंत्र

मी श्वासयंत्र बोलतोय. नळी, मुखवटा आणि पोटात एक पंखा, एवढाच माझा संसार. माणूस झोपला की त्याच्या नाकात हवा सोडत राहायची, म्हणजे त्याचा गळा मिटत नाही. काम साधं आहे. माणसं साधी नसतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते सर्बियातल्या या खेड्यात, वुकाशिनच्या घरी. वय सत्तावन्न, धंदा आलुबुखाराची दारू, म्हणजे राकिया, गाळण्याचा, आणि कीर्ती घोरण्याची. घोरतो म्हणजे गाढ झोपतो, असा इथला शास्त्रोक्त समज. त्याचे वडील मिलिसावही असेच घोरायचे. एका दुपारी जेवून स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. "काय भाग्यवान माणूस, झोपेतच गेला," असं गाव अजून म्हणतं.

वुकाशिनची बायको देसांका मात्र शहाणी. नवऱ्याच्या घोरण्याने तिची झोप मोडत नसे, घोरणं थांबलं की मोडायची. श्वास बंद. मग एक आचका, आणि पुन्हा गाडी सुरू. झोपेत मेंदूने दिवसभराच्या आठवणी जागच्या जागी लावायच्या असतात म्हणे. याच्या मेंदूला एकच काम, "ऊठ बाबा, गुदमरतोयस." आठवणी लावणार कोण? सकाळी डोकं ठणकायचं, रक्तदाब चढलेला, आणि जेवताना सूपात चमचा तसाच ठेवून डुलकी. गोठ्यात जायचा आणि कशाला आलो ते गाईला विचारायचा. गावाने निदान केलं, वय झालं.

मग ती राकिया. भट्टीतून येणारी पहिली धार विषारी, ती प्यायची नसते, गुडघ्यांना चोळायची असते. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. एका रविवारी ओब्राद आला. हा वुकाशिनच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, म्हणजे इथे सख्ख्या भावाहून वरचा. वुकाशिनने नव्या बाटलीतून त्याचा पेला भरला. देसांकाने वास घेतला आणि त्याच्या ओठाजवळचा पेला हिसकून मोरीत ओतला.

"पहिली धार बाजूला काढली होतीस ना?" तिने विचारलं.

वुकाशिनने बाटली उजेडात धरून पाहिली. "आठवत नाही," तो म्हणाला. मग फार हळू, "देसांका, माझं डोकं हातचं चाललंय गं."

तिने त्याला धरून शहरात नेलं. डॉक्टरांनी अंगभर तारा लावून झोपवलं आणि सांगितलं, डोकं जात नाहीये, झोपेत श्वास अडतोय. असंच चाललं तर डोकंही जाईल आणि हृदयही. औषध म्हणून मला दिलं.

घरी माझं स्वागत त्याच्या आईने केलं. स्तामेनिया आजी. या देशात माणसं लढाईला भीत नाहीत, वाऱ्याच्या झोताला भितात. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडल्या की घरात मढं पडलंच म्हणून समजा. भर उन्हाळ्यात बसमध्ये घामाने निथळतील, पण काच खाली करणार नाहीत. आणि मी तर झोतच, तोही थेट नाकात.

"झोपेत तोंडावर वारा?" आजी म्हणाली. "तोंड वाकडं होईल. मान धरेल. पोरं व्हायची नाहीत."

"आई, मला नातू आहेत."

"मग त्यांना वाकडं तोंड दाखवणार आहेस?"

झालं. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या फडताळात, मिरच्यांच्या लोणच्याशेजारी. अंगावर क्रोशाचा रुमाल. देसांका भांडली, रडली, पण या घरात झोताबद्दल आजीचा शब्द शेवटचा. वुकाशिनही सुटल्यासारखा झाला, शूर माणूस.

एका दुपारी जेवण झालं आणि वुकाशिन वडिलांच्या त्याच बाकावर आडवा झाला. आजी शेजारी बसून शेंगा सोलत होती. फडताळाचं दार कधीच नीट लागत नसे, म्हणून मला सगळं दिसलं. घोरणं सुरू झालं. मग थांबलं. आजीचा हात शेंगेवरच राहिला. आचका आला, घोरणं सुरू, पुन्हा बंद. आजी पांढरीफटक पडली.

"देसांका," ती म्हणाली, "ते यंत्र काढ."

आजीने स्वतः वुकाशिनच्या गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला, कानात कापूस घातला, खिडक्या बंद केल्या आणि मग मुखवटा चढवू दिला. विज्ञानाने इतकी तडजोड करायलाच हवी.

आता मी रोज कामावर असतो. वुकाशिनचं डोकं ठणकत नाही. गेलेल्या आठवणी सगळ्या परत आल्या नाहीत, पण नव्या टिकतात. पहिली धार तो न चुकता वेगळी काढतो, आणि आम्हाला तीनतीनदा सांगतो. तोंड अजून सरळ आहे. आजी रोज तपासते.

दुपारी तो झोपला की ती माझ्याशेजारी येऊन बसते. परवा माझ्यावर हात ठेवून हळूच बोलली, "याचा बाप मिलिसावही असाच थांबायचा. मला वाटायचं, झोपला एकदाचा शांत. त्या दुपारी त्याची झोप मोडू नये म्हणून मी भांडीसुद्धा वाजू दिली नाहीत."

मी हवा सोडत राहिलो.

तेव्हा एवढंच मागतो. तुमच्या घरी कुणी घोरता घोरता एकदम गप्प झालं, तर पाय न वाजवता निघून जाऊ नका. भांडी वाजवा.