ताईचा बंदोबस्त

रक्तदान करून आलेल्या धाकट्या भावाला काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. त्याला हिपॅटायटिस बी निघाला होता. पुढच्या तपासण्यांचं हॉस्पिटल ताईच्या घराजवळ, म्हणून तो बॅग घेऊन तिच्याकडेच राहायला आला. ताईने त्याला मायेने घरात घेतलं आणि लगेच बंदोबस्त सुरू केला.

वेगळा कप, वेगळं ताट, खुर्चीवर प्लास्टिक. तो दार उघडून गेला की ती कडी पुसायची. तो शिंकला की खिडकी उघडायची आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून हसायची. धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. बोलणं मुळातच बेताचं. आता तो जेवणही गॅलरीत उभ्याउभ्या उरकू लागला.

एका सकाळी ताईचा नवरा हनुवटीला कापूस लावून चहाला आला.

"माझं पातं बोथट झालं होतं, तुझंच रेझर घेतलं रे. काय धार आहे!"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊजी, काल मला त्यानंच कापलं होतं."

"मग काय झालं? धुतलं की नळाखाली."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिघंही तडक हॉस्पिटलात गेले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कपाने, शिंकेने हा आजार होत नाही. रक्तातून होतो. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान आठवडाभर तग धरतो, डाग दिसत नसला तरी. रेझर, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्यानेच वापरायचं. तुम्ही दोघांनी लस घेतली होती का?"

"कप वेगळा ठेवला होता," ताई म्हणाली.

नवऱ्याला तिथल्या तिथे दोन्ही दंडांत इंजेक्शनं मिळाली. ताईचीही लस सुरू झाली.

बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "मी आजच घरी जातो."

"का रे?"

"तुला पुसायला फार पडतं."

ताई भर रस्त्यात रडायला लागली. नवऱ्याने मेव्हण्याचा दंड धरला. "कुठे जायचं नाही. मला काही झालं तर शिव्या घालायला माणूस नको का जवळ?"

धाकटा राहिला.

काही महिन्यांनी नवऱ्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. तोवर धसक्याने त्याने दाढी वाढवली होती. ती त्याला अजिबात शोभत नव्हती. ताईला ते सांगवत नव्हतं.

"भाऊजी," शेवटी धाकटाच म्हणाला, "आता काढा."