पांढरी पडलेली बाळी

वाफ झाली म्हणून पाऱ्याचा अणू मरत नाही, तो फक्त जागा बदलतो, असं अबेलार्दोबाईंनी वर्गात सांगितलं आणि लुनिंगची पेन्सिल थांबली. बाकीच्या मुली मूलद्रव्य, संयुग, मिश्रण असे रकाने आखत बसल्या. हिच्या डोळ्यांसमोर मात्र घरची चूल. नदीच्या गाळातलं सोनं पाऱ्यात मळायचं, तो पांढरा गोळा कढईत जाळायचा, पारा उडून जातो, सोनं मागं राहतं. आई रोज हेच करायची. आणि चुलीपासून चार हातांवर, झोळीत, पाच महिन्यांची तेसी झोपलेली असायची.

शाळा सुटताच ती धावत घरी आली. तिची आई नेनिता पाऱ्याचा गोळा हातात घेऊन चूल फुंकत होती.

"आई, ते आज जाळू नकोस."

"का? आज सोन्याला सुट्टी?"

"पारा जळत नाही गं. वाफ होऊन घरातच बसतो. भिंतीवर, भातात."

"वीस वर्षं जाळतेय मी. तुझ्या बाईंनी कधी चिमूटभर तरी सोनं काढलंय का?"

"मग आजीचे हात का थरथरायचे?"

"म्हातारपण. हळू बोल, तेसी उठेल."

पालथ्या घड्यावर पाणी. लुनिंगला रडूच फुटायचं बाकी होतं. निदान बाळाला तरी बाहेर न्यावं म्हणून तिनं तेसीला झोळीतून उचललं, आणि दारातल्या उजेडात तिची नजर बाळाच्या कानाकडे गेली.

"आई, बाप्तिस्म्याची बाळी सोन्याचीच होती ना?"

"म्हणजे काय? माझ्या हातचं सोनं आहे ते."

"मग ही पांढरी कशी?"

नेनिता उठून जवळ आली. आता तिला कुठल्या बाईंनी शिकवायची गरज नव्हती. या घरात सोनं पांढरं पडतं ते एकाच गोष्टीनं, हे तिला पोरीपेक्षा जास्त कळत होतं. तिनं बाळी काढली, पदराला हात पुसावेत तशी झग्याला घासली. पांढरेपणा जाईना. मग आयुष्यभराच्या सवयीनं बाळी चिमट्यात धरून तिनं जाळाकडे नेली. क्षणभर तापवली की पारा उडून पुन्हा पिवळी झाली असती.

हात मध्येच थांबला.

"लुनिंग," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता हे मी कुठं जाळू?"