काचेच्या चार पट्ट्या

चर्चचा मनोरा उतरवायचा, हे इंजिनिअर साहेबांनी वर्षापूर्वीच ठरवलं होतं. आठशे वर्षांचा मनोरा. खाली बसक्या, गोल कमानी आणि वर निमुळत्या, टोकदार. बांधता बांधता पिढ्या बदलल्या आणि आवडही बदलली. दक्षिणेच्या भिंतीला मात्र वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

त्या भेगेचं मूळ गावात वडिलांचंच गवंडीकाम पुढे चालवणाऱ्या गवंडीणबाईंना शोधावं लागलं नाही, ते त्यांच्या घरातच होतं. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी दगडांच्या सांध्यांतला जुना चुना काढून सिमेंट भरलं होतं. हेतू चांगला, काम देखणं! पण चुन्यातून बाहेर पडणारं पाणी सिमेंटनं आतच कोंडलं आणि दगड पोखरत गेला. म्हातारबुवांना हे कळून चुकलं होतं. कबूल करतील तर शपथ! चर्चचा रस्ता टाळून लांबून वळसा घालायचे, एवढंच.

बाईंनी पाद्र्यांकडे वर्षभराची मुदत मागितली. एकेक सांधा छिन्नीनं मोकळा केला, स्वतः मळलेला चुना भरला. हातांची सालटी निघाली. साहेबांनी शेवटची अट घातली: भेगेवर काचेच्या चार पट्ट्या चिकटवायच्या आणि तीस वर्षं बंद असलेली मोठी घंटा पाव तास वाजवायची. भिंत केसभर जरी हलली, तरी काच तडकणार. एक जरी तडकली, तरी मनोरा उतरवायचा.

ठरल्या दिवशी बाईंनी वडिलांना जवळजवळ ओढतच परांचीवर चढवलं. घंटा सुरू झाली. पायाखालच्या फळ्या थरथरल्या, डोक्यावर धूळ पडली. बाईंची नजर पट्ट्यांवरून हलत नव्हती. पाव तास संपता संपेना.

घंटा थांबली. साहेबांनी भिंग लावून चारही पट्ट्या पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या. चारही अखंड. बाईंना हुंदका आवरेना.

"मनोरा राहू दे," साहेब म्हणाले. "हा चुना कुणी मळला?"

"माझ्या लेकीनं," म्हातारबुवा बाई बोलायच्या आत म्हणाले. मग खालच्या गर्दीलाही ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "सिमेंट मी भरलं होतं. चूक माझी होती, निस्तरली हिनं."

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारबुवांनी डोळे पुसले.

"आणि घंटा पुन्हा वाजवायला सांगा. मघाशी भीतीनं मला ती ऐकूच आली नाही."