मार्थाच्या विहिरीवरचा उंट

हफीजा हट्टाला पेटली की तिच्या वाटेला कुणी जाऊ नये, हे सौदीतल्या जुबैलमध्ये तिच्या नवऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती पेटली ती पुण्याच्या मंजिरीबाईंमुळे. मंजिरीबाई प्रकाशिका. व्हिडिओ कॉलवर गोड हसून म्हणाल्या, "हफीजाताई, कादंबरी छापते मी. फक्त उंट काढा आणि घोडे घाला. अमेरिकेत उंट कोण खरे मानणार?"

आता काय बोलावं या बाईला? कादंबरीच मुळी उंटांची. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या फौजेने वाळवंटात सामान वाहायला जहाजातून उंट नेले होते, आणि उंटांबरोबर ते हाकणारी माणसंही गेली होती, हे हफीजाने कुठेतरी वाचलं आणि तिची झोप उडाली. कोकणातल्या हर्णैच्या वाचनालयातल्या काउबॉयच्या गोष्टी तिने शाळेत असताना फडशा पाडल्यासारख्या वाचल्या होत्या. त्यात घोडे होते, पिस्तुलं होती, पण आपल्या समुद्रापलीकडचा एकही माणूस नव्हता. मग तिनेच एक आणला. याकूब नावाचा अरब उंटवाला. आणि त्याच्यासमोर उभी केली मार्था, सरहद्दीवर एकटीने विहीर सांभाळणारी तरुण विधवा. त्याला इंग्रजी येत नाही, तिला अरबी येत नाही.

"तेही पटत नाही," मंजिरीबाई पुढे म्हणाल्या होत्या. "एक शब्द न बोलता प्रेम जमलं, ते कशावरून? शेवटी तो तिच्या दारात खुंट्याला उंट बांधतो आणि राहतो. कोरडं वाटतं हो. रविवारी बोलू. तोवर विचार करा, नाहीतर मला दुसरं पुस्तक घ्यावं लागेल."

लेक लाइबा रियाधला बँकेत. तिने फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "अम्मी, जस्ट मेक देम हॉर्सेस." हफीजाने फोन ठेवला आणि कांदा असा चिरला की नवरा इब्राहीम स्वयंपाकघराच्या दारातच थबकला.

"काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. शेवट ऐकून मात्र इब्राहीमला हसू आवरेना.

"खुंट्याला? अगो, तो काय तुझ्या बापाचा बैल आहे? उंट खुंट्याला नाही बांधत."

"मग कशाला बांधतात?"

आता पंचाईत. इब्राहीम आखाती देशात म्हातारा झाला, कंपनीच्या बसगाड्या त्याने वाळवंटातून हाकल्या, रस्त्याकडेचे उंट रोज पाहिले. पण बांधतात कसे, ते कधी थांबून बघितलंच नव्हतं. "शुक्रवारी जाऊ," तो पडेल आवाजात म्हणाला. "दाखवतो."

शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकून दोघं शहराबाहेरच्या उंटांच्या गोठ्यांकडे गेली. अबू सहर नावाच्या मालकाने त्यांना सतरंजीवर बसवलं, कहवा दिला आणि हफीजाचा प्रश्न ऐकून कौतुकाने मान डोलावली. त्याने एका सांडणीला खाली बसवलं, तिचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडला आणि दोरी शोधायला लागला. दोरी सापडेना. तेव्हा तो हसला, डोक्यावरच्या रुमालावर बसवलेलं काळ्या दोरीचं वेटोळं, तो इगाल, त्याने काढला आणि सांडणीच्या दुमडलेल्या गुडघ्यावरून चढवला.

"आमचे आजे असंच करायचे," तो म्हणाला. "खलास. आता ही इथेच."

सांडणी शांतपणे रवंथ करत बसली. अबू सहर मात्र रुमाल सावरत उभा राहिला, आणि त्या वाऱ्यात तो एकदम घरातला, ओळखीचा माणूस दिसायला लागला.

 परतीच्या वाटेवर हफीजाला हर्णैचं दार दिसत होतं. लग्नानंतर बरीच वर्षं इब्राहीम आखातात आणि ती गावातच सासरी. दर सुट्टी संपली की तो आपल्या चांगल्या चपला दारात, आतल्या बाजूला तोंड करून ठेवायचा आणि जुन्या फाटक्या घालून विमानतळावर जायचा. सासू ओरडायची. तो म्हणायचा, राहू दे, आल्यावर लागतील. प्रेमाचा शब्द त्याने कधी काढला नाही. ती मात्र रोज त्या चपलांवरची धूळ पुसायची आणि तेवढ्यावर दिवस काढायची.

शनिवारी तिने शेवट नव्याने लिहिला. रविवारी मंजिरीबाई पडद्यावर आल्या. इब्राहीम चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात दडला होता.

"उंट काढले?" मंजिरीबाईंनी विचारलं.

"नाही. आधी ऐका."

आणि ती वाचायला लागली. फौजेने उंटांचा तळ मोडला आहे. पहाटे सगळे पश्चिमेला निघणार. मार्था मुद्दाम दार लावून बसते, कारण जाणाऱ्याची पाठ तिला बघायची नाही. घंटांचे आवाज दूर जातात. खूप वेळाने ती दार उघडते. विहिरीपाशी उंट बसलेला आहे, आणि त्याच्या दुमडलेल्या पायावर याकूबच्या डोक्यावरची काळी दोरी आहे. याकूब उघड्या डोक्याने तिच्यासाठी पाणी शेंदतो आहे. मार्था आत जाते. मेलेल्या नवऱ्याची जी टोपी तिने कधी कुणाला शिवू दिली नव्हती, ती खुंटीवरून काढते, बाहेर येते आणि याकूबच्या डोक्यावर ठेवते. टोपी त्याला जरा मोठी होते. तो ती सारखी करत नाही.

मंजिरीबाई बोलेनात. हफीजाला वाटलं, नेट गेलं.

"घोडे नकोत," मंजिरीबाई अखेर म्हणाल्या.  "घोड्याला हे जमणारच नाही. मुखपृष्ठावर बसलेला उंटच घेऊ. चालेल?"

"पळेल," हफीजा म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की ती हसता हसता रडायला लागली. स्वयंपाकघरात चहा उतू गेला.

पुस्तक आलं तेव्हा जुबैलच्या मराठी मंडळींनी एका शाळेचं सभागृह घेतलं. रत्नागिरीच्या बायका, पुण्या-नाशिकचे इंजिनियर, सगळे आले. लाइबा रियाधहून गाडी चालवत आली. हफीजाने शेवटचं पान वाचलं आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत इब्राहीम शेजारच्यांना सांगत होता, "उंट मीच दाखवला तिला."

मग कुणीतरी त्याला अर्पणपत्रिका वाचायला पुढे बोलावलं. त्याने चष्मा लावला, पान उघडलं. "ज्यांच्या चपला दारात होत्या, त्यांना."

इब्राहीम पानाकडे बघत राहिला. 

"रोज पुसायचीस," तो तिच्याकडे वळून म्हणाला. "मला माहीत होतं. आल्यावर धूळ नसायची."