गोपिका, इयत्ता पाचवी

रविवारी सकाळी साडेदहाला मनोहररावांच्या घरात वरण करपलं.

त्या महिन्यातलं हे तिसरं. वास बाहेरच्या खोलीत आला तसे मनोहरराव पेपर टाकून उठले आणि स्वयंपाकघरात येऊन पाहतात तर काय! स्टोव्ह भरभर पेटलेला, वरणाच्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, धूर निघतोय, आणि त्यांची बायको अरुंधती पाटावर बसून, पुस्तकात डोकं खुपसून, ओठ हलवत वाचून राहिली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. उघड्या पानावर चित्र होतं. दोन वेण्यांची एक पोट्टी हातात कंदील घेऊन गुहेत शिरतेय.

"पुन्हा पोट्ट्यांचं पुस्तक!" मनोहररावांनी स्टोव्हची हवा सोडली. "अवं, एकोणचाळीस वर्षांची झाली तू! पोरगी सासरी गेली आपली. उद्या नातू होईन, तो वाचीन असले पुस्तकं. तुले काही लाज?"

"लक्ष नाही राहिलं जी."

"असं काय आहे त्याच्यात?"

"सुमी गुहेत अडकली," ती बोलून गेली. "कंदिलातलं तेल संपून राहिलं."

मनोहरराव हसले. शेजारच्या घरी ऐकू जावं असं हसले. मग बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते वाच ना. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाचं पुस्तक वाचावं. हे शेजारच्या पोरीले वापस करून टाक."

त्या कपाटात अकरा जाडजूड पुस्तकं होती. मनोहरराव दर दिवाळीला ती पुसायचे. त्यातल्या एकात चौदाव्या पानावर बसचं तिकीट खुणेला ठेवलं होतं. तिकीट पाच वर्षांपासून चौदाव्या पानावरच होतं. पण मनोहरराव सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, आणि वरून नागपुरात इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांमागे जे मोहल्ल्याचं वाचनालय आहे त्याचे सेक्रेटरी. त्यांना कोण विचारणार, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी संपवलं?

आणि पुस्तक शेजारच्या पोरीचं नव्हतंच. ते मनोहररावांच्या वाचनालयाचंच होतं. कव्हर काढून पहिलं पान पाहिलं असतं तर शिक्का दिसला असता.

त्याचं असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन पोरगी गेली. तिनं लहानपणी वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक घरी राहून गेलं, ते परत द्यायला अरुंधती दुपारी वाचनालयात गेली. बालविभाग दोन ते चार उघडा असतो आणि तिथं प्रयागबाई बसतात. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, चष्म्याला दोरा बांधलेल्या. अरुंधतीनं पुस्तक दिलं आणि जागची हललीच नाही. कपाटातल्या रंगीत पुस्तकांकडे पाहत राहिली, हलवायाच्या दुकानापुढे पोरगं उभं राहतं तशी.

"पाहिजे का वं एखादं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"मले कोण देईन?"

प्रयागबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. बालविभागाच्या फॉर्मात दोनच रकाने. नाव. इयत्ता. वय कोणी विचारत नाही, कारण तिथं पोरंच येतात असं सगळे धरून चालतात. अरुंधतीनं पेन घेतलं आणि लिहिलं: कु. गोपिका. इयत्ता पाचवी.

प्रयागबाईंनी फॉर्म पाहिला. मग तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं.

"खोटं लिहिलं का?"

"नाही बाई. गोपिका माहेरचं नाव माझं. अन् पाचवीतच होती मी, तवा बाबांनी शाळेतून काढलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली ते गेलीच. मले कोणी पास नाही केलं अन् नापासबी नाही केलं. मंग मी पाचवीतच आहे ना अजून?"

प्रयागबाईंनी शिक्का मारला.

तेव्हापासून तीन वर्षं मनोहरराव ऑफिसात गेले की ही वाचनालयात. शाळा सोडून जहाजावर जाणारी पोरं, चोर पकडणाऱ्या पोरी, जंगलात वाट चुकून आपणच वाट काढणारी भावंडं. एक पुस्तक संपलं की दुसरं.

आता खरा घोळ सुरू होतो.

फेब्रुवारीत वाचनालयाचा वार्षिक समारंभ असतो. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, कमिटीनं ठरवलं की सगळ्यात जास्त वाचणाऱ्या मुलाला बक्षीस द्यायचं. बालविभागाचं रजिस्टर तपासायचं काम सेक्रेटरीकडे आलं. मनोहरराव रजिस्टर घरीच घेऊन आले. चहा पिता पिता पानं उलटली आणि एकदम ओरडले, "बाप्पा! एका वर्षात शहाण्णव पुस्तकं!"

"कोणाचे?" अरुंधती पोहे करत होती.

"गोपिका नावाची पोट्टी आहे. पाचवीतली."

कढईतला झारा खाली पडला.

"अन् हे पाह्य," मनोहरराव रजिस्टर मागे मागे चाळत होते. "मागच्या वर्षीबी पाचवी. त्याच्या मागच्या वर्षीबी पाचवीच! तीन वर्षांपासून नापास होऊन राहिली बिचारी, तरी वाचून राहिली! याले म्हणते वाचनाची आवड. नाही तर आपल्या घरी पाह्य."

अरुंधतीनं झारा उचलला. धुतला. पाठमोरीच उभी राहून म्हणाली, "गोपिका. तुम्ही ऐकलं होतं का हो कधी हे नाव?"

मनोहररावांनी विचार केला. खरंच केला. "कुठी तरी ऐकल्यासारखं वाटते," ते म्हणाले. "चांगलं नाव आहे. गोड आहे."

पंचवीस वर्षांपूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं ह्याच माणसानं 'अरुंधती' असं लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जुनं नाव त्या दिवशी भटजींनी एकदा घेतलं असेल, तेवढंच. सासरी पुढे कोणी घेतलं नाही. माहेरी तिला सगळे 'बाई'च म्हणायचे.

"उद्या प्रयागबाईले पत्ता विचारतो," मनोहरराव बोलत होते. "तिच्या घरी जातो. तिच्या बापाले समजावतो, की बाबा, हिले शाळेतून काढू नको."

ते मनापासून बोलत होते, हे तिला दिसत होतं. म्हणून तर तिला रडू येत होतं. परक्या पोट्टीसाठी हा माणूस पत्ता शोधत जायला निघाला होता!

दुसऱ्या दिवशी दोन वाजता अरुंधती प्रयागबाईंसमोर उभी राहिली. "बाई, माझं नाव काटून टाका. पत्ता विचारला त्याईनं?"

"सकाळीच रजिस्टर द्यायले आले, तवा विचारला. म्हटलं, पोरगी समारंभाले येईन, तिथंच पाहून घ्या."

"बाई! हे काय केलं तुम्ही? सारा मोहल्ला हसीन मले. म्हातारपणी पोट्ट्यांचे पुस्तकं वाचते म्हणतीन. काटा ना."

प्रयागबाईंनी चष्मा काढला. "हसतीन ते काहून हसतीन, सांग मले. तुझा नवरा इतवारच्या दिवशी चौकात पोरायची क्रिकेटची मॅच पाहत उभा राहते, त्याले कोणी हसते का? संक्रांतीले टक्कल पडलेले माणसं गच्चीवर पतंग उडवते, 'काट काट' बोंबलते, त्याईले कोणी हसते का? बाईनंच पुस्तक वाचलं तर तिचं वय मोजतेत लोक!"

"पण बाई, हे पुस्तकं लहानांचेच आहेत ना."

"लहानांसाठी लिहिले. लहानांनीच वाचा असं त्याच्यावर कुठी छापलं? मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, वं. मोठे झाल्यावर माणसं भेणं विसरत नाहीत, आशा लावणं मात्र विसरतेत. या पुस्तकांत पोरं भेतेत अन् तरी पुढी जातेत. ते बारा वर्षाच्याले लागते अन् एकोणचाळीसच्याले जास्त लागते. तू काहून वाचते?"

"पोरी घराबाहेर पडतेत त्याच्यात," अरुंधती म्हणाली. "अन् वापस येतेत, तरी कोणी मारत नाही." मग लाजली. "अन् मले आवडते, बाई. बस. आवडते म्हणून वाचते."

"मंग तेच सांग." प्रयागबाईंनी रजिस्टर उघडून पेन तिच्या हातात दिलं. "मी नाही काटत. एकदा तुझं नाव दुसऱ्यानं काटलं ना? आता तुझ्या हातानं काट, काटायचंच असंन तर."

अरुंधतीनं पेन टेकवलं. 'गोपिका' ह्या अक्षरांवर टोक ठेवून उभी राहिली. शेवटी पेन खाली ठेवलं आणि नवीन पुस्तक न घेताच घरी गेली.

समारंभाला हॉल भरलेला होता. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, बायका डाव्या बाजूला. टेबलावर बक्षीस ठेवलं होतं: लाल कागदात गुंडाळलेली कंपासपेटी.

मनोहरराव भाषणाला उभे राहिले. कागदावर लिहून आणलं होतं, पण वाचताना मधे मधे डोळे पुसत होते. "ही मुलगी शाळेत मागे पडली. तिला मागे पडलेली म्हणून सगळ्यांनी सोडलं असेल. पण तिनं पुस्तक सोडलं नाही! मी तिच्या घरच्यांना ह्या व्यासपीठावरून विचारतो, तुमच्या घरात एवढी वाचणारी मुलगी आहे, तुम्ही तिच्यासाठी काय केलं?"

टाळ्या पडल्या.

"कुमारी गोपिका! इयत्ता पाचवी!"

कोणी उठेना. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. "गोपिका!" मनोहररावांनी पुन्हा हाक मारली. "बेटा, भिऊ नको. ये वर."

बायकांच्या बाजूनं एक खुर्ची सरकली.

अरुंधती उठली. पदर सावरला आणि सतरंजीच्या कडेनं चालू लागली. सुमीच्या कंदिलातलं तेल संपलं होतं तेव्हा सुमी भिंतीला हात लावत लावत पुढे गेली होती. अरुंधतीनं भिंतीला हात लावला.

मनोहरराव माइकवर हात ठेवायचं विसरले. "अवं, बस खाली! काहून उठून राहिली?" हे साऱ्या हॉलला ऐकू गेलं.

"माझं नाव घेतलं ना तुम्ही," ती म्हणाली.

"मी गोपिकाले बोलावलं!"

"तांदळात अरुंधती लिहिलं तुम्ही. त्याच्या आधी माझं नाव काय होतं, आठवते?"

आधी मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. मग सगळे हसले. "पाचवी नापास!" असं कोणी तरी ओरडलं. आणि मनोहरराव! चेहरा लाल, हातात कागद, डोळे कागदावर. आता हा माणूस तिला सगळ्यांसमोर झापणार, असंच पोरासोरांना वाटलं.

पण ते कागदच पाहत राहिले. ओठ हलवत तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. बायको वाचते तसेच ओठ हलत होते. हॉल हळूहळू गप्प झाला.

"मी आत्ता घरच्यांना प्रश्न विचारला," ते शेवटी माइकमध्ये म्हणाले. "घरचा तर मीच आहे. काय केलं विचारता? तीन वर्षं हसलो. दुसऱ्याची पोरगी वाचते म्हणून डोळ्यात पाणी आलं माझ्या. अन् माझी बायको वाचते म्हणून..." त्यांनी कंपासपेटी उचलली, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "घे, गोपिका."

पंचवीस वर्षांत नवऱ्यानं तिला ओळखून त्या नावानं पहिल्यांदाच हाक मारली! प्रयागबाईंनी टाळी वाजवली, मग पोरांनी वाजवली. ज्यानं 'पाचवी नापास' म्हटलं होतं, त्यानंही वाजवली, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंनी रजिस्टर काढलं आणि त्यातलं फक्त 'कु.' काटलं. नाव राहू दिलं, इयत्ताही राहू दिली. कमिटीनं एक ठराव केला की बालविभागात कोणीही यावं, कितीही वयाचं. पहिल्याच आठवड्यात एक शिंपी आले, दोन नर्सबाई आल्या, आणि एक रिटायर मास्तर "नातवासाठी पाहिजे" म्हणत आले. नातू नागपुरात राहतच नव्हता. प्रयागबाईंनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी अरुंधती भाजी आणायला गेली आणि जाताना सांगून गेली, "वरणाकडे पाहजा जी." परत आली तर गल्लीच्या तोंडाशीच वास! आत येऊन पाहते, तर मनोहरराव पाटावर बसलेले, गुहेचं पुस्तक डोळ्यांशी धरलेलं, आणि गंजातून धूर.

"लक्ष नाही राहिलं," ते म्हणाले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "थे पोट्टी बाहेर निंगते ना वं?"

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "वाचा."

तर मंडळी, पुस्तकाला वय विचारायचं नसतं आणि वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. ज्याला जे आवडतं ते त्यानं उजेडात बसून, कव्हर काढून वाचावं. आणि तुमच्या घरात कोणी ओठ हलवत, लपून काही वाचत असेल, तर हसण्याआधी एवढं करा. तिची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली ते विचारा, आणि तिचं नाव काय होतं तेही.