स्क्वायर टँडीची जबानी

व्हर्लीन टँडीला एका जागी बसवत नसे. केंटकीतल्या एल्डर क्रीक गावात तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावरही पहाटे साडेपाचला ती उठून घरातल्या घरात फेऱ्या मारायची. आता तर तिला निमित्तच मिळालं होतं. त्यांच्या चर्चच्या अंगणात एक दगड उभा राहणार होता आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या गावच्या काळ्या सैनिकांची नावं त्यावर कोरली जाणार होती. तिचा खापरपणजोबा स्क्वायर टँडी त्या युद्धात होता, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण दगडाचं काम बघणारे चर्चचे कारभारी, डीकन लूथर हॉकिन्स, नियमाला पक्के. आधी कागद दाखव, मग नाव, असं त्यांनी सरळ सांगितलं. यादी शुक्रवारी कारागिराकडे जायची होती.

व्हर्लीनने तडक वॉशिंग्टन गाठलं. दुसऱ्या कुणाच्या हातात स्टिअरिंग असलेल्या बसमध्ये चौदा तास बसणं तिला सोसवलं नाही. प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय ब्रेक दाबत होता.

मंगळवारी सकाळी ती जुन्या लष्करी नोंदींच्या सरकारी दप्तरखान्यात पोचली. पर्स, पेन, पाण्याची बाटली सगळं बाहेर कपाटात ठेवून घेतलं आणि हातात एक पेन्सिल दिली. प्रुइट नावाचे एक वयस्कर कारकून मदतीला होते. हळू बोलणारे, पण कामाला चोख. त्यांनी तासभर शोधलं. स्क्वायर टँडी कुठल्याच पलटणीत नव्हता.

प्रुइटसाहेबांनी तिला समजावलं की गुलामीतून आलेली बरीच माणसं मालकाच्या आडनावाने भरती झाली आणि युद्ध संपल्यावर त्यांनी ते आडनाव टाकून दिलं. मग त्यांनी जरा अवघडूनच विचारलं, मालकाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

व्हर्लीनला ते ठाऊक नव्हतं. घरात ते कुणी उच्चारतच नसे. ते माहीत असलेलं एकच माणूस आता उरलं होतं: तिची ओफेलियाआत्या, वय चौऱ्याण्णव. व्हर्लीनने बाहेरच्या बोळात येऊन फोन लावला.

"कशाला पाहिजे तुला ते?" आत्याने विचारलं.

"कागद त्या नावाखाली असतील, आत्या."

"मग राहू देत तिथेच."

व्हर्लीन बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली. पलीकडून आत्याच्या टीव्हीचा आवाज येत होता. शेवटी ती म्हणाली, "शुक्रवारी यादी जाणार. त्याचं नाव नसलं तर दर रविवारी त्या दगडासमोरून तुला आत जावं लागेल."

"चाकाच्या खुर्चीतून जाते मी. नावं बरोबर डोळ्यांसमोरच येतील, तेवढं खरं." आत्याने पलीकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "ब्रॅशर. माझ्या बापाने एकदाच सांगितलं होतं मला, आणि सांगून झाल्यावर उठून चूळ भरली होती. ठेव आता फोन. मलाही तोंड धुऊ दे."

स्क्वायर ब्रॅशर वीस मिनिटांत सापडला. वय चोवीस, उंची पाच फूट सात इंच, धंदा शेतमजूर. व्हर्लीन एकेक कागद उलटत होती आणि मनातल्या मनात डीकनना दाखवत होती. पाचवा कागद तिने दोनदा वाचला. 'फरारी, २४ नोव्हेंबर १८६४.' त्याखाली दुसऱ्या शाईत, 'अटकेत परत, १० डिसेंबर.'

तिने फाइल मिटली आणि बाहेर पडली. इमारतीला तीन फेऱ्या घातल्या. दर उन्हाळ्यात सगळे टँडी एकत्र जमायचे तेव्हा तिचे वडील टेबलावर चमचा वाजवून स्क्वायरच्या शौर्याबद्दल बोलायचे. पोरं भाजलेल्या बरगड्या खाता खाता ऐकायची. त्या पोरांना आता काय सांगायचं? सापडलं नाही म्हणावं, हे सगळ्यांत सोपं होतं. दुपारची बस तिला मिळाली असती. तिने कपाटातून पर्ससुद्धा काढली. पण प्रुइटसाहेबांनी पेन्शनच्या कागदांचा एक गठ्ठा मागवून ठेवला होता, आणि तो न बघता गेलो तर आपला डोळ्याला डोळा लागणार नाही, हे ती जाणून होती. तिने पर्स परत आत ठेवली.

म्हातारपणी स्क्वायरने पेन्शन मागितली होती, आणि फरारीचा शेरा होता म्हणून एक सरकारी तपासनीस त्याच्या घरी जाऊन जबानी लिहून घेऊन आला होता. स्क्वायरला लिहिता येत नव्हतं. तो बोलला तसं तपासनिसाने उतरवलं होतं.

'मी पळालो नाही. मी गेलो आणि परत आलो. मी पलटणीत गेलो म्हणून ब्रॅशरने माझ्या बायकोला झोपडीतून बाहेर काढलं आणि तिच्याकडून लाकडं फोडून घेतली. तिचे दिवस भरत आले होते. निरोप आला तेव्हा मी दोनदा रजा मागितली. लेफ्टनंट म्हणाले, नाताळनंतर बघू. तोवर ती जगली नसती. मी चौतीस मैल चाललो. तिला आणि दोन लेकरांना काढून आणलं. धाकटी माझ्या पाठीवर होती. माझ्या आईच्या पायांत बळ नव्हतं. ती म्हणाली, मला सोड आणि वळून बघू नकोस, बघितलंस तर थांबशील. मी बघितलं नाही. मग छावणीत येऊन लेफ्टनंटपुढे उभा राहिलो. बंदूक मी नेली नव्हती. ती सरकारची होती.'

तपासनिसाने नाव विचारलं होतं. 'ब्रॅशर त्या माणसाचं नाव. टँडी माझ्या बापाचं. पलटण सुटली त्या दिवशी मी ते घेतलं. तेच लिहा.' खाली एक वाकडी फुली होती.

शेवटच्या कागदावर दोनच ओळी होत्या. शेरा कायम. अर्ज नामंजूर.

प्रुइटसाहेबांनी सगळ्या कागदांच्या प्रती काढून दिल्या, वर एक जाड पाकीटही दिलं. त्यांचे हात जरा सावकाश चालत होते.

गुरुवारी दुपारी डीकन तिच्या स्वयंपाकघरात बसून वाचत होते आणि व्हर्लीन धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"सन्मानाने सुटलेल्यांचीच नावं, असं आपण ठरवलंय," डीकन म्हणाले.

"तुम्ही ठरवलंय. त्या बैठकीला मी नव्हते."

डीकननी जबानी परत पहिल्यापासून वाचली. बराच वेळ बोटाने टेबलावरच्या कापडाची घडी सारखी करत बसले.

"माझा पणजोबाही त्याच छावणीत होता," ते म्हणाले. "त्याच्या बायकोचाही निरोप आला होता. तो गेला नाही. ती त्या हिवाळ्यात वारली. त्याच्या कागदावर एकही शेरा नाही, आणि त्याचं नाव यादीत सगळ्यांत वर मी स्वतः लिहिलंय."

त्यांनी खिशातून यादी काढली. "कुठलं आडनाव घालू?"

"त्याने सांगितलंय ते."

डीकननी ठळक अक्षरांत लिहिलं आणि चहा न घेताच उठले.

शनिवारी व्हर्लीनने आत्याला सगळं वाचून दाखवलं. फरारीचा शेराही लपवला नाही. आत्या डोळे मिटून ऐकत होती. झोपली की काय, असं व्हर्लीनला वाटलं.

"आणि त्याची आई?" आत्याने विचारलं. "तिचं पुढे काय झालं?"

"कागदात नाही. नाव तेवढं आहे. डायसी."

"ब्रॅशरचे कागद असतील की जिल्ह्याच्या कचेरीत. गुरंढोरं, माणसं, सगळं मालमत्ता म्हणून लिहून ठेवायचे ते मालक लोक." आत्याने डोळे उघडले. "मग तू इथे काय बसलीस?"

"कचेरी सोमवारी उघडते, आत्या."

"हं," आत्या म्हणाली. "तोवर जबानी परत वाच. सावकाश वाच या वेळी. तू बस हाकल्यासारखी वाचतेस."