ओकारीची गोळी

मी एक गोळी बोलते आहे. पांढरी, मधोमध रेघ असलेली, करंगळीच्या नखाहूनही लहान. कागदोपत्री माझे नाव लांबलचक आहे, पण ते उच्चारण्याची वेळ कोणावर आली नाही. ज्या घरात माझे दिवस गेले तेथे मला 'ओकारीची गोळी' म्हणत. नाव सोपे होते, आणि सगळा घोटाळा त्या नावातल्या 'ची' या प्रत्ययाने केला असे माझे मत आहे. तापाची गोळी ताप आल्यावर घेतात, डोकेदुखीची डोके दुखू लागल्यावर. ओकारीची गोळी कधी घ्यावी, हे मग कोणी कोणाला का विचारावे?

माझा जन्म एकोणीसशे एक्याण्णव साली डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूच्या एका लहानशा कारखान्यात झाला. भुकटी, तिला धरून ठेवणारी खळ आणि वरून यंत्राचा एक दाब, एवढेच माझे बालपण. आसपासच्या हवेला उग्र दर्प असे. पाकिटे भरणाऱ्या बायका नाकाला पदर बांधून बसत आणि एकमेकींना म्हणत, "ह्या गोळ्या आधी आपणच खायला पाहिजेत गं!" मग सगळ्या हसत. आम्हां दहा गोळ्यांना मिळून एका चंदेरी पाकिटात बंद करण्यात आले. मी कोपऱ्यातली, दहावी.

ठाण्याच्या एका रुग्णालयातून आम्ही मनुबाईच्या हाती आलो. मनुबाई कळव्याच्या खाडीकाठची कोळीण, वय त्रेचाळीस. नवरा गुणाजी खाडीत डोल, म्हणजे ओढत्या पाण्याच्या तोंडाशी धरायचे जाळे, लावी आणि ती बाजारात मासळी विकी. पावसाळ्यात तिच्या छातीतली गाठ कापून काढली होती. आता दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी, शिरेतून लाल औषधाची बाटली चढवायची होती. अशा सहा बाटल्या. सहा पुऱ्या झाल्या तर गाठ परतण्याची भीती पुष्कळ कमी, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाटलीने ओकाऱ्या होतात, म्हणून आम्ही.

"बाटलीच्या आधी एक तास एक, संध्याकाळी एक, दुसऱ्या दिवशी सकाळी एक. मळमळो वा न मळमळो," डॉक्टर एका दमात म्हणाले. दाराबाहेर चाळीस माणसे खोळंबली होती. गुणाजीने मान डोलावली. कोळ्याला पाण्याची भाषा एका खुणेत कळते. दवाखान्याची भाषाही कळली असे दाखवणे त्याला भाग होते.

या घरातील बोलण्याची रीत येथे सांगितली पाहिजे. होडी खाडीत असताना 'बुडणे' हे क्रियापद घरात कोणी वापरत नसे. सूर्यसुद्धा नुसता 'खाली जाई'. बांगडी फुटत नसे, ती वाढे. घराबाहेर निघालेला माणूस 'जातो' म्हणत नसे, 'येतो' म्हणे. जे अनिष्ट अद्याप आलेले नाही त्याचा उल्लेखही त्याला घराची वाट दाखवतो, ही या रीतीमागची धारणा. तिला भाबडी म्हणून हसणे फार सोपे आहे. ज्यांचे पोट वाहत्या पाण्यावर आहे त्यांनी निदान शब्दांचा एक बांध स्वतःभोवती घातला होता, आणि तो त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपला होता.

पहिल्या मंगळवारी सकाळी मनुबाईने पाकीट हातात घेतले, तेव्हा तिची सासू दगडाबाई चुलीपुढून म्हणाली,

"अगो, ओकारी आलीय का तुला?"

"नाय आई."

"मंग? जी आलीच नाय तिच्यावर औषद? आवतान देतेस का तिला?"

मनुबाई थबकली. तिने आम्हांला कमरेच्या बटव्यात, पान-तंबाखूच्या शेजारी परत ठेवून दिले.

बाटली लागली आणि आवतण न देताही ओकारी आली. संध्याकाळपासून मनुबाई घमेले धरून बसली. आता मात्र आजार रीतसर घरात आला होता, म्हणून दगडाबाईने स्वतः एक गोळी काढून तिच्या जिभेवर ठेवली. पाच मिनिटांत माझी पहिली बहीण घमेल्यात पडलेली मी पाहिली. तिच्या पाठीवरची रेघ अजून स्पष्ट होती. दुसरी दिली, तीही उलटली. तिसरीही.

"ही गोलीच ओकते," दगडाबाई म्हणाली. "ती काय ओकारी थांबवनार?"

मला ओरडून सांगावेसे वाटले की पोटाचे दार आतून ढकलले जाऊ लागल्यावर माझ्यासारखीला तेथे उभे राहता येत नाही. मला आधी आत जाऊन बसावे लागते. परंतु गोळीला जीभ नाही. तिला केवळ दुसऱ्याच्या जिभेवरून जायचे असते.

दुसऱ्या बाटलीला दोन गेल्या, तिसऱ्या बाटलीला एक. तिसऱ्या खेपेला तर रिक्षा कळव्याच्या पुलावर चढताच, बाटली दिसण्याच्याही आधी, मनुबाई बाहेर वाकून ओकली. शरीराला रस्ता पाठ झाला होता. त्याहून वाईट म्हणजे तिला मासळीचा वास सोसेना. ज्या वासात ती जन्मली, ज्या वासाच्या साडीला धरून तिची पोरे वाढली, तो वास आला की तिला उमासे येत आणि ती मोरीकडे धावे. या गोष्टीची तिला जेवढी लाज वाटली तेवढी गळून गेलेल्या केसांचीही वाटली नाही.

चौथ्या बाटलीच्या मंगळवारी तिने उंबऱ्यात बसकण मारली.

"मी नाय येत. मरायचाच हाय तर पोटात अन्न ठेवून मरीन."

अमंगळ शब्द असा उघड उच्चारलेला ऐकून दगडाबाई तिच्या अंगावर खेकसली. गुणाजी म्हणाला, "मने, तीनच राहिल्यात गो." बायकोला उचलून नेण्याइतके बळ त्याच्या दंडात होते, पण तिला पुन्हा त्या घमेल्यापुढे बसवण्याचे बळ त्याच्यापाशी नव्हते.

असे दोन महिने गेले. केसांची कोवळी लव डोक्यावर आली. मनुबाई बाजारात बसू लागली, पण नाकातोंडावर पदर घट्ट गुंडाळून. शेजारच्या पाटीवरची आवडाबाई टोमणे मारायला चुकत नसे. "काय गो मने, तुझ्या म्हावऱ्याची तुलाच घान येते? मंग गिऱ्हाइकानं काय करायचा, नाक घरी ठेवून यायचा?" मनुबाई हसे, आणि हसता हसता उसासा गिळे.

तेथेच एके सकाळी कलावती आली. ती त्याच रुग्णालयात परिचारिका होती आणि कळव्यात राहत असे. पदराआडचे डोळे तिने ओळखले.

"मनूताई? अहो, तुमचा कागद पडून आहे आमच्याकडे. का आला नाहीत?"

"ओकून ओकून आतडी हातात आली, बाय. तुमची गोली काय कामाची नाय." मनुबाईने बटव्यातून आम्हा उरलेल्या चौघींना काढून तिच्यापुढे धरले. आम्हांला तंबाखूचा वास लागला होता.

कलावतीने पाकीट उलटसुलट केले. "कधी घेत होतात ही?"

"ओकारी आली का घ्यायची ना? ओकारीचीच हाय ती."

कलावती मटकन पाटीसमोर बसली. रागावली नाही. तिने विचारले, "तुमचे मालक डोल कधी लावतात? पाणी ओढायला लागायच्या आधी, की सगळं पाणी निघून गेल्यावर?"

"गेल्यावर लावून काय चिखल धरायचा?"

"मग हीसुद्धा तशीच लावायची. आधी."

मनुबाईने पाकीट तिच्या हातून परत घेतले. नंतर एवढेच म्हणाली, "हे असा कोनी बोललाच नाय." सांगितले गेले होते, परंतु तिच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते. त्या क्षणी मला प्रथमच वाटले की माझ्या जन्माला काही अर्थ आहे.

पुढच्या मंगळवारी चौथी बाटली लागली. दगडाबाईने तोंड फिरवले, पण आडवी आली नाही. एक तास आधी एक बहीण गेली, संध्याकाळी दुसरी, सकाळी तिसरी. घमेले कोपऱ्यात कोरडे राहिले. बुधवारी दुपारी मनुबाई चुलीपाशी येऊन बसली आणि मांदेलीच्या कालवणाचा वास तिने पदर न लावता घेतला. दोन घास भातही खाल्ला. दगडाबाई तिच्या घशाकडे बघत होती, प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत.

"राहिला?" तिने विचारले.

"राहिला आई."

म्हातारी उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

चौथी बाटली लावताना डॉक्टरांनी मनुबाईची मान चाचपली होती आणि छातीचा फोटो काढायला सांगितला होता. तो गुणाजीने नेऊन दाखवला. दोन महिन्यांच्या खाड्यात गाठ गळ्यापर्यंत पोचली होती, फुप्फुसातही उतरली होती. आता बाटल्यांनी फक्त हाल होतील. घरीच ठेवा, दुखेल तेव्हा या, असे त्याला सांगण्यात आले. गुणाजीने ते आईला सांगितले. मनुबाईला ते सांगण्यासाठी त्या घरात शब्दच नव्हता. अशा गोष्टी न बोलण्याच्या सगळ्या रीती त्यांना येत होत्या. बोलण्याची एकही नव्हती.

आणि मनुबाई तर दिवस मोजत होती. पाचवीची तिला भीती उरली नव्हती. "दोनच आता," ती आवडाबाईला सांगे. "मंग बघ कशी बसते पाटीवर."

पाचव्या बाटलीचा तो मंगळवार आज आहे. सकाळी तिने धुतलेले लुगडे नेसले, डोक्यावर फडके बांधले. आठ वाजता दगडाबाईने स्वतःच्या हाताने पाकीट फोडले.

"घे. तास आधी घ्यायची ना?"

असा मी माझा कोपरा सोडला. पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरले. येथे काळोख आहे, ऊब आहे. बाहेरचे आवाज दुरून यावेत तसे येतात.

"रिक्षा सांगितलीत ना?" मनुबाईचा आवाज.

गुणाजी जाळ्याची गाठ मारीत असावा. दोरा ओढल्याचा आवाज येतो आहे.

बराच वेळ गेला.

"नऊ वाजले. आई, ही गोली तुमी मना कशाच्या आधी दिलीत?"

दगडाबाईचा हुंदका मी ऐकला. चूल, भांडी, काहीतरी करीत असल्याचा आव तिने आणला, पण भांड्याचा आवाज झाला नाही.

"अवो, तुमी तरी बोला."

"डागदर बोलला," गुणाजी म्हणाला, "आता बाटली नाय लावायची."

"बरी जाले म्हनून?"

'हो' म्हणणे त्याला सहज शक्य होते. त्या घराच्या सगळ्या रीतीनुसार तो शब्द अगदी ओठांवर होता. त्याने तो उच्चारला नाही. दोरा ओढल्याचा आवाजही थांबला. मनुबाईने डोक्यावरचे फडके सोडल्याची सळसळ मी ऐकली.

मी विरघळते आहे. कडा गेल्या, पाठीवरची रेघ गेली. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा मंगळवार ठरला असेल तर माझ्या बहिणींना हातात घेताना एवढे विचारा: कधी? समजले नाही तर पुन्हा विचारा, दाराबाहेर कितीही माणसे खोळंबलेली असोत. मला मात्र जेथे पाठवले तेथे मी पोचले आहे, आणि जिला अडवायचे ती ओकारी आता येणारच नाही. तरी मी काम करणार. माझे काम सुमारे सहा तास टिकते. दुपारी दोनपर्यंत मनुबाईला मळमळणार नाही. त्यापुढचे माझ्याजवळ काही नाही.